कबरीचे दोन तास

"मॅडम, लुकलुक वाहिनीचा इतिहास दोन पानांत लिहून द्या. पण पॉझिटिव्ह हं," असा अनिमेषचा मुंबईहून फोन आला, तेव्हा मी पिरंगुटच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. पॉझिटिव्ह म्हणे! ज्या कंपनीने आमची वाहिनी विकत घेऊन तिचं मातेरं केलं, तिचा हा पोरगेला अधिकारी. पुढच्या महिन्यात वाहिनी बंद करून तिचं मोबाईल ॲप करणार आणि वर स्मरणिकाही काढणार. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! तरी मी हो म्हणाले, कारण मला त्यांच्याकडून एक गोष्ट काढून घ्यायची होती.

लुकलुक सुरू झाली ती पिरंगुटच्या एका भाड्याच्या गाळ्यात, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. आम्ही अकरा जण होतो आणि अकरांतल्या एकालाही मूल नव्हतं. पहिल्या महिन्यात आमचे तीन दिवस एकाच वादात गेले, लोगो पडद्यावर कुठे ठेवायचा. लोगो म्हणजे एक गालफुगी, हसरी चांदणी. एक म्हणे डावीकडे, दुसरा म्हणे खाली. शेवटी वैतागून मी टेबलावर हात आपटला, "उजवीकडे वरच्या कोपऱ्यात ठेवा. तिथं कधी काही घडत नसतं." मी कार्यक्रमप्रमुख होते, त्यामुळे चांदणी तिथेच बसली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली.

मग कबरीचं प्रकरण घडलं. मालकांचं कोळवणला फार्महाऊस होतं. तिथे शेळीच्या गाण्याचं चित्रीकरण ठरलं आणि शेजारच्या रिहे गावातल्या म्हसू आणि बायजा या नवराबायकोंनी आपली कबरी आणली. गाण्यात शेळी उड्या मारणार होती. बारा वाजले आणि कबरी आंब्याखाली बसली ती बसलीच. दिग्दर्शकाने पाला दाखवला, टाळ्या वाजवल्या, शेवटी स्वतः उड्या मारून दाखवल्या. बायजामावशी पदर खोचून पुढे आली.

"रवंथाची येळ हाय तिची. आता तुमचा मालक आला तरी उठायची न्हाई ती."

सगळे चिडून जेवायला गेले. कॅमेरा मात्र चालूच राहिला. दोन तास कबरी रवंथ करतेय, डोळे मिटतेय, कान हलवतेय, मागे बांधावर म्हसूतात्या राखण करत बसलेत, एवढंच त्याने टिपलं. पुढच्या आठवड्यात दुपारचा एक कार्यक्रम तयार झाला नाही, म्हणून नाइलाजाने आम्ही ते दोन तास जसेच्या तसे लावून दिले. दुसऱ्या दिवसापासून फोनवर फोन. आयांचे, आज्यांचे. पोर कधी नव्हे ते दुपारचं झोपलं म्हणून! मग तीन वर्षं रोज बारा ते दोन कबरीच. जाहिरात खात्याने बोंब मारली, झोपलेल्या पोराला बिस्किट कसं विकणार? नव्या मालकांनी आल्या आल्या कबरीला हाकललं. तेव्हापासून वाहिनी दिवसभर किंचाळतेय.

हे सगळं मी म्हसू आणि बायजाच्या नावांसकट लिहून पाठवलं. अनिमेषचा लगेच फोन आला.

"मॅडम, शेळी चालेल. पण 'परदेशी संशोधनावर आधारित प्रयोग' असं लिहू या ना. नावं कशाला?"

"संशोधन कसलं? बायजामावशीने सांगितलं की उठायची नाही, एवढंच झालं होतं!"

"ब्रँडला सूट होत नाही, मॅडम."

मी फोनवर अशी भडकले की शेजारची खिडकीत येऊन उभी राहिली. उपयोग शून्य. मग मी म्हटलं, काय खरडायचं ते खरडा, पण कबरीच्या त्या फिल्मची कुठली तरी प्रत मला शोधून द्या.

ती बायजामावशीला हवी होती. चार वर्षांपूर्वी म्हसूतात्या गेले, तेव्हा मी रिह्याला भेटायला गेले होते. भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता. तात्या त्यात पकडून आणल्यासारखे दिसत होते. दुसरा फोटोच नव्हता, मोबाईल समोर धरला की ते तोंड फिरवायचे. मावशीने माझा हात धरला.

"दीपा, ते टीव्हीत हायेत न्हवं? कबरीच्या मागं बांधावर बसले व्हते. आमाला कुटं बघायला मिळालं? बारा वाजता आमी शेरडांमागं. येकदा दाव मला."

"दाखवते," मी म्हणाले. त्याला चार वर्षं झाली. पहिलं वर्ष विनंतीचं, दुसरं अर्जांचं. तिसऱ्या वर्षी कळलं की मूळ फिल्म पुसून टाकली. का? तर "त्यात कंटेंट नव्हता." हे ऐकून मी त्या दिवशी जेवले नाही. आणि आता, स्मरणिकेच्या बदल्यात, अनिमेषने कुठून तरी प्रसारणाची एक प्रत शोधून पाठवली. पूर्ण दोन तास! मी उघडूनसुद्धा पाहिली नाही. पेन ड्राइव्हमध्ये भरली आणि पहिली जीप पकडून रिह्याला गेले.

मावशीने तोंड धुतलं, कपाळावर बुक्का लावला आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसली. सुनेने, वैभवीने, दार ओढून घेतलं. कबरी दिसली. मावशी हसली.

"कबरे! अगं, कान बघ कसा हलवतीया."

मग तिने मान वर केली. कबरीच्या मागे बांध होता. बांधावर गुडघ्यापर्यंत धोतर, काठी, काठीवर ठेवलेले दोन हात. आणि त्याच्या वर, बरोबर तोंडावर, गालफुगी, हसरी चांदणी.

मावशीने मान डावीकडे वाकडी केली, उजवीकडे केली.

"ही जरा बाजूला सरकीव की."

मी रिमोटची सगळी बटणं दाबली. चित्र मोठं झालं, चांदणीही मोठी झाली.

"न्हाई सरकत, मावशी. ती चित्रातच चिकटलीय."

"असू दे. पानी पाजाय उठले व्हते ते. मला ठावं हाय."

आम्ही थांबलो. एक तास झाला. वैभवीने चहा आणला, तो तसाच राहिला. सव्वा तासाने धोतर हललं, तात्या उभे राहिले आणि पडद्याच्या कडेने बाहेर गेले. मावशी गुडघ्यांवर पुढे सरकली. खालून एक बादली आत आली, बादली धरलेला एक हात. अंगठा वाकडा.

"त्योच. पहारीखाली सापडला व्हता," मावशी पुटपुटली. "आता वाकतील."

वाकले नाहीत. कबरी पाणी प्यायली, हात बादलीसकट निघून गेला. थोड्या वेळाने धोतर परत बांधावर येऊन बसलं, चांदणीखाली.

मावशीने त्या चांदणीकडे बोट केलं.

"कुनी बशिवली गं ही तितं?"

अनिमेषचं नाव जिभेवर आलं होतं. चार वर्षं मी त्या लोकांनाच शिव्या देत आले होते आणि मावशीने ते खरंही मानलं असतं.

"मी बसवली, मावशी."

"का?"

"मला वाटलं, तिथं काही नसतं."

पदराने टीव्हीच्या काचेवरचा तेवढा कोपरा तिने पुसला. मग मागे सरकून मांडी घालून बसली.

"परत लाव," ती म्हणाली. "हातापासनं."