एव्हन्सच्या गळ्यातला निळा टाय

मित्रांनो, मी एक जुना निळा टाय आहे. काळजी करणं हा माझा स्वभावच होऊन बसला आहे. माझी जागा माणसाच्या गळ्याशी. माणूस घाबरला की आवंढा गिळतो आणि तो सगळ्यात आधी मला कळतो.

माझा जन्म न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात झाला. अस्सल रेशीम, त्यावर बारीक पांढरे ठिपके. मॅनहॅटनमधल्या एका वकिलांना मी वाढदिवसाची भेट म्हणून मिळालो. त्यांच्याकडे इतके टाय होते की माझी पाळी क्वचितच यायची. "झकास टाय आहे हो!" असं कुणी म्हटलं की मी फुलून जायचो आणि परत अंधाऱ्या कपाटात जाऊन पडायचो. पुढे कपाट आवरताना त्यांनी मला एका पिशवीत कोंबलं आणि ती पिशवी ब्रुकलिनमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात पोचली.

हे कॉलेज दोन वर्षांचं, कमी फीचं. सकाळी गोदामात खोकी उचलायची आणि दुपारी वर्गात डुलक्या आवरायच्या, अशी मुलं तिथे शिकतात. मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी तिथे कपड्यांची एक खोली आहे. ती मिसेस ग्रँटली सांभाळतात. टाय देताना त्या स्वतः गाठ मारतात, मगच तो मुलाच्या हातात ठेवतात, कारण बहुतेकांच्या घरी गाठ मारता येणारं कुणी नसतं.

"गाठ सोडायची नाही हं," त्या बजावतात. "सैल करायची, डोक्यातून काढायचा आणि खिळ्याला अडकवायचा. नोकरी लागली की परत आणून द्यायचा."

असा मी एव्हन्स दोर्सेंव्हिलकडे आलो. त्याची आई योलेत हैतीहून आलेली. आजारी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन ती त्यांची सेवा करते. एव्हन्स हुशार. दोन वर्षं त्या कॉलेजात काढून तो मोठ्या विद्यापीठात गेला आणि तिथे त्याच्या डोक्यात इन्व्हेस्टमेंट बँकेचं वेड शिरलं. कंपन्या विकत घेण्याचे, विकण्याचे मोठमोठे सौदे या बँका जुळवतात. तिथे शिरायचं तर आधी ओळख लागते. एव्हन्सची ओळख कुणाशी असणार? तो अनोळखी बँकवाल्यांना लिहायचा, 'कॉफीपुरता वेळ द्याल का?' बहुतेक जण उत्तरच देत नसत. शेवटी एका बाईंनी दिला आणि त्यांच्या शब्दावर त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा तो आपल्या जुन्या कॉलेजात येऊन मला घेऊन गेला. उन्हाळ्यापुरतं काम होतं, पण ते मिळालं की पुढची कायमची नोकरी जवळजवळ ठरलेली.

मुलाखतीच्या सकाळी एव्हन्स अंघोळीला गेला. योलेत त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. तिची नजर खिळ्यावर गेली. किती चुरगळलेला होतो मी! तिने प्रेमाने माझी गाठ सोडली, वर ओलं फडकं घातलं आणि मला हलक्या हाताने इस्त्री केली. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पण आतून भीतीही वाटत होती.

एव्हन्स बाहेर आला आणि जागीच थांबला.

"आई! हे काय केलंस?"

"अरे, चोळामोळा झाला होता नुसता. बघ आता कसा दिसतोय."

"तुला कुणी सांगितलं होतं? मला गाठ मारता येत नाही गं! कळत कसं नाही तुला?"

योलेतच्या हातात कच्च्या केळ्याच्या लापशीची वाटी होती. "दोन घास तरी खाऊन जा," ती म्हणाली. तो मला खिशात कोंबून निघून गेला. जाताना दारही आपटलं.

बँकेच्या प्रसाधनगृहात, आरशासमोर, फोनवर चित्रफीत लावून त्याने मला बांधायला घेतलं. एकदा माझं शेपूट पुढच्या पट्टीपेक्षा लांब झालं, एकदा गाठच सुटली. शेवटी जमलं. जरा वाकडा होतो, पण मी अगदी घट्ट धरून राहिलो.

बाहेर एक दुसरा मुलगा बसला होता. "तू कुठल्या कॉलेजचा?" त्याने विचारलं. एव्हन्सने दोन्ही नावं सांगितली.

"कम्युनिटी कॉलेज? आणि तिथून थेट इथे? हिंमत आहे बाबा तुझी!" तो हसला. एव्हन्सने आवंढा गिळला.

आत मुलाखत घ्यायला व्हेलनसाहेब होते. त्यांनी विचारलं, "कंपनीने यंत्रांचा घसारा वाढवला तर काय होईल?"

"नफा कमी दिसेल सर. पण त्यामुळे कर कमी भरावा लागेल, म्हणून हातातली रोकड वाढेल."

"बरोबर," साहेब म्हणाले. आणखीही प्रश्न झाले, सगळी उत्तरं बरोबर आली. माझा जीव भांड्यात पडला. मग साहेबांची नजर एव्हन्सच्या माहितीच्या कागदावर खाली सरकली.

"पहिली दोन वर्षं या कम्युनिटी कॉलेजात होतास?"

"हो सर."

"हं." त्यांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे. भेटून बरं वाटलं."

ज्यांना घ्यायचं असतं त्यांना त्याच दिवशी फोन येतो. एव्हन्स फोन समोर ठेवून स्वयंपाकघरात बसून राहिला. मला काढायचंही त्याला सुचलं नाही. जेवणाची वेळ टळली, राजमा-भात गार झाला, पण फोन वाजला नाही.

योलेत समोर येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते.

"माझ्यामुळे झालं ना रे? मी गाठ सोडली म्हणून?"

"नाही गं आई. माझा एक प्रश्न चुकला. घसाऱ्याचा."

"म्हणजे काय?"

"वस्तू जुनी होत जाते, तशी कागदावर तिची किंमत कमी करत जायची."

हे ऐकून मला जरा लागलंच.

"खरंच चुकला?"

"अगदी सोपा होता. मीच घोळ घातला. आणि सकाळी तुझ्यावर उगाच ओरडलो. चुकलो गं."

योलेतने डोळे पुसले आणि भात गरम करायला ठेवला. मित्रांनो, मी त्याच्या गळ्यात होतो. त्याने काहीच घोळ घातला नव्हता. आईच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून तो बिनचूक दिलेलं उत्तर चुकलं म्हणत होता आणि ते म्हणताना त्याने जो आवंढा गिळला, तसा व्हेलनसाहेबांसमोरही गिळला नव्हता.

गुरुवारी त्याला दुसऱ्या बँकेत बोलावलं आहे. मी आत्तापासूनच धास्तावलो आहे. मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. रेशमाचं काय, आज आहे, उद्या विरेल. पण तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी टेबलाच्या त्या बाजूला बसेल. तेव्हा समोरच्या कागदावर एखाद्या साध्या कॉलेजचं नाव दिसलं, तर घड्याळाकडे बघू नका. आणखी एक प्रश्न विचारा.