गोठलेली लस

चंद्रिकाला जाऊन महिना उलटला आणि निर्मलाने ठरवलं, लेकीला, शितलला, लस टोचायचीच. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने धाकटी बहीण कशी झिजत गेली, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. नवरा सुनिल कुरकुरला, "पोरीला असलं कशाला? लोक काय बोलतील?" पण वरोरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवून निर्मलाने गाठीला बांधलेले पैसे तिचे स्वतःचे होते.

सरकारी दवाखान्यात हा कॅन्सर टाळणारी लस नव्हतीच. डहाणूच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. "वापीला मिळेल. पोरीला पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत पहिला डोस झाला तर दोनांत भागतं, नाहीतर तीन घ्यावे लागतात. आणि आणताना थंड ठेवा."

निर्मलाला हसूच आलं. जन्म मासळीत गेलेल्या बाईला हे काय सांगायचं!

ती मासळीच्या टेम्पोतून वापीला गेली. दुकानदाराने थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी घालून लस दिली. परतताना अच्छाडच्या तपासणी नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली. मे महिन्याचं ऊन, टेम्पो जागचा हलेना. डबा उघडला तर पिशवीतल्या बर्फाचं पाणी झालेलं. निर्मला धाब्यावर धावली, बर्फाचा चुरा आणला, गारवा वाढावा म्हणून मासळीला घालतात तसं वरून मीठ पेरलं, लस आत खोल खुपसली आणि डबा मांडीवर घेऊन बसली.

संध्याकाळी दवाखान्यात शितल वाट बघत होती. डॉक्टरांनी लस उजेडात धरली.

"ही गोठलीय, बाई."

"वितळू दे की, साहेब. आम्ही थांबतो."

"वितळून उपयोग नाही. गोठली की वाया गेली."

"तुम्हीच म्हणालात, थंड ठेवा."

"थंड म्हणालो, गोठवा नाही म्हणालो." मग जरा नरमून ते म्हणाले, "चार-पाच मुली असत्या तर मीच मागवली असती."

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

"आई, म्हणजे आता सुई नाही ना?" बाहेर येताच शितलने विचारलं. तिचा खुललेला चेहरा निर्मलाला सोसला नाही. तिने भर रस्त्यात पोरीच्या थोबाडीत दिली.

घरी सुनिल ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ताटावरून न उठता म्हणाला, "चांगलंच झालं."

दुसऱ्या दिवसापासून निर्मला चार पोरी जमवायला दारोदार फिरली. लस गोठल्याची बातमी तिच्याआधी पोचली होती. बाया तोंडावर पदर धरून हसत. शेवटी ती चंद्रिकाच्या घरी गेली. तिथे बहिणीची मुलगी रूपी होती, तेरा वर्षांची.

चंद्रिकाची सासू उंबऱ्यातच उभी राहिली. "माझी सून गेली, ती तिच्या नशिबाने. नातीला तुझ्या हाती नाही द्यायची."

मागे रूपी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. मावशीकडे बघत होती. सासूने तिला आत ढकललं आणि दार लावून घेतलं.