बुडाला लागलेलं सूप

आमचे हे कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी. मध्यंतरी तापाने ह्यांना आडवं केलं, आणि ताप गेला तो जाताना ह्यांचं वास कळणंच घेऊन गेला. जिभेला खारट, आंबट, तिखट तेवढं कळायचं. बाकी सगळा पुठ्ठा. मग परवा चहाच्या कपावर नाक धरून ह्यांनी जाहीर केलं, "आलं गं, परत आलं!" नाक जसं काही माहेरी गेलं होतं. लगेच मॅनेजरांना फोनही झाला, तीन दिवसांनी येतो म्हणून.

मी विश्वास ठेवला. ठेवावासा वाटला म्हणून ठेवला.

आज मला स्वयंपाकघरात मज्जाव होता. "काळ्या घेवड्याचं सूप करतोय. चमचा उभा राहील असं. तू फक्त जेवायला ये." घेवडा रात्रभर भिजवून सकाळी मऊ शिजवलेला. कांदा, लसूण, गाजर ह्यांनी परतलं, जिरं टाकलं, निम्मा घेवडा पळीने रगडून घातला. इतक्या दिवसांनी ह्यांची शीळ ऐकू आली. मी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत ती ऐकत होते.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. आधी मला माझ्या इस्त्रीचाच संशय आला. कपडा उचलून पाहिला, स्वच्छ होता.

आत गेले. हे पातेल्यावर वाकून, डोळे मिटून दीर्घ श्वास घेत होते. पळी वरच्यावर फिरत होती आणि खाली सूप बुडाला लागून जळत होतं.

"वा! जिऱ्याचा घमघमाट बघ."

"हो ना," मी म्हटलं आणि गॅस बंद केला. "झालं असेल आता."

दारातून लेक शिरली, चपलाही न काढता. "शी! काय जाळलंत दोघांनी?"

ह्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुला आला होता वास?"

"आला."

"मग 'हो ना' काय म्हणालीस?"

मी ताटल्या मांडायला लागले.

"नाक परत आलंय म्हणाला होतात ना, बाबा?" लेक म्हणाली.

"येईल. कामाला लागलं की येईल. तोवर कँटीनात ती दोन पोरं आहेत की हाताखाली. वास ते घेतील, हात माझा."

"आणि ती चहाला गेली? शेगडी विझली आणि गॅस सुटत राहिला तर?"

"वीस माणसांचा स्वयंपाक नाही गं तो! शेकडोंचा करतो मी, तोही डोळे मिटून."

"तेच म्हणतेय मी."

ह्यांनी बूड न खरवडता वरचं सूप दुसऱ्या भांड्यात ओतलं, लिंबू पिळलं, लेकीपुढे वाटी ठेवली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले. "कसं झालंय? तुझ्या आईसारखं सांगू नकोस."

तिने घोट गिळला. "राख, बाबा."

ह्यांनी स्वतः एक चमचा घेतला. तोंडात घोळवला, परत घोळवला. मला वाटलं, आता वाटी आपटतील. पण चमचा हळूच खाली ठेवला आणि फोन उचलला.

"साहेब, उद्या येतोय. हो हो, ठणठणीत. फक्त मला शेगडीपाशी नका ठेवू. भाजी चिरायला बसवा."

पलीकडून हसण्याचा मोठा आवाज आला. सवयीने हेही हसले. मग हसू पुसलं गेलं.

"नाही साहेब, चेष्टा नाही," हे म्हणाले, आणि आमच्याकडे पाठ करून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.