नजर लागलेलं पाणी

सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका गिऱ्हाइकाची तर अर्धीच दाढी झाली होती. उरलेल्या गालावरचा फेस वाळला तरी त्याला भान नव्हतं. सगळे बघत होते कोपऱ्यातल्या काळ्या कापडाकडे. कापडाखाली माशांची टाकी होती आणि शेजारी पाणीबाबा तोंडाचा पट्टा सोडून उभे होते.

"जल म्हणजे काय? जल म्हणजे आरसा! घरात जसे डोळे, तसं जल! डोळे विषारी, जल विषारी!"

एवढं बोलून बाबांनी कापड ओढलं. आठवड्यापूर्वी पाणी असं हिरवं होतं की मासे आहेत की नाहीत हेही कळत नव्हतं. आता तळाचे खडेसुद्धा मोजून घ्यावेत. सलूनच्या मालकाने बाबांच्या पायांवर लोळणच घेतली.

जिन्यात उभी राहून मालकाची थोरली वहिनी दातओठ खात होती. टाकी तिच्या नवऱ्याची. तो गेल्यापासून गल्ल्यावर तीच बसायची. पुढे दिराने गिऱ्हाइकांना दिसावी म्हणून टाकी खिडकीत नेली, वरचा दिवा रात्रंदिवस चालू ठेवला आणि शेवाळ माजलं. कितीही घासलं तरी पुन्हा येई. मग बाबा आले. दिवा बंद करून टाकी कोपऱ्यात सरकवली, वर कापड टाकलं आणि वहिनीकडे बोट दाखवलं, "नवऱ्याला गिळलेली नजर आहे ही." त्या दिवसापासून तिला खाली यायला बंदी.

"त्या बाईला आता घरातही ठेवू नका," बाबा म्हणाले.

"ठेवतो कशाला! आजच तिच्या भावाकडे पोचवतो," दीर म्हणाला.

"पोचवा की, भावजी," वहिनी जिन्यातून म्हणाली. "पण आधी हे बघा."

ती खाली उतरली. तिच्या हातात एक बरणी, मागून येणाऱ्या धाकट्या जावेच्या, म्हणजे मालकाच्या बायकोच्या, हातात दुसरी.

"दोन्हींत याच टाकीचं पाणी आहे. बाबा आले त्या दिवशी भरलेलं."

"खोटं!" बाबा गरजले.

"मी भरलंय," जाऊ म्हणाली. नवऱ्याने डोळे वटारले, पण तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

जावेच्या हातातली बरणी हिरवीगार होती. "हिला बाबांनी टाकीसाठी दिलेला दोरा बांधला, त्यांचीच राख घातली," वहिनी म्हणाली. "आठवडाभर जाऊबाईंच्या खिडकीत होती. मी ढुंकूनही पाहिलं नाही."

मग वहिनीने स्वतःच्या बरणीभोवतीचं कापड सोडलं. केस कापताना गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधतात तेच, काळं. "ही माझ्या उशाशी होती. रोज कापड उचलून डोळे फाडफाडून बघितलं. तुम्हाला घालायच्या सगळ्या शिव्या हिला घातल्या, बाबा."

पाणी नितळ होतं. तळाशी नुसता गाळ.

"म्हणजे वहिनींचीच नजर पॉवरफुल!" फेसवाला ओरडला आणि सलून हसण्याने दणाणलं.

"नजरबिजर काही नाही. शेवाळ उजेडावर जगतं. खिडकीतलं ऊन, रात्रीचा दिवा, वर भावजी मुठीमुठीने खाणं टाकणार, मग त्याची चंगळच. काळोखात ठेवलं की मरतं आणि तळाशी बसतं. काम कापडाने केलं, बाकी बाबांच्या तोंडाची वाफ."

बाबा झोळी आवरू लागले. वहिनी दारात आडवी उभी राहिली.

"असं कसं? तुमचा दोरा, तुमची राख. घोटभर घ्या ना!"

"घ्या, बाबा, घ्या!" सगळे ओरडायला लागले. बाबांनी हिरव्या बरणीकडे पाहिलं आणि वहिनीच्या हाताखालून वाकून असे पळाले की एक चप्पल तिथेच राहिली. आठवडाभर पोटात जळणारी आग वहिनीला त्या क्षणी जरा निवल्यासारखी वाटली.

"वहिनी, झालं गेलं विसरा," दीर पुटपुटला.

"मुळीच नाही. टाकी तुम्ही घासायची. दर रविवारी, दुकान भरलेलं असताना."

हिरवी बरणी आता गल्ल्यावर असते, दोऱ्यासकट. कुणी विचारलं की वहिनी सांगते, "कुणी बाईकडे बोट दाखवून चमत्कार करायला लागला, तर आधी दिवा कुठे आहे ते बघा. आपल्या डोक्याने विचार करा, नाहीतर दुसरा कुणीतरी तुमच्या डोक्यावर काळं कापड टाकेल."

आणि मग टाकीकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "भावजी, त्या कोपऱ्यात राहिलंय अजून."