पूर्वेचं बंद टेबल

"आभाळ रिकामं करा," असा हुकूम वरून आला. म्हणायला काय, एक तोंड पुरतं. पण आभाळ म्हणजे काही अंगण नव्हे, की घेतली केरसुणी आणि काढलं झाडून. त्या दुपारी हवाई नियंत्रण कक्षात एकट्या ताईंच्या पडद्यावर नऊ-दहा विमानं होती. प्रत्येकात माणसं, प्रत्येकाच्या टाकीत मोजकं इंधन, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, उतरू कुठे?

सकाळी पळवून नेलेलं एक विमान राजधानीच्या बंदरावर येऊन आदळलं होतं. पळवलेलं दुसरंही एक कुठेतरी हवेत आहे, असं म्हणत होते. देशभर आणीबाणी जाहीर झाली आणि त्याबरोबर नियम आला. हाकेला जे विमान ओ देणार नाही, ते शत्रूचं समजायचं.

विमानतळावर उंच काचेची खोली असते, तिथून निदान विमानं डोळ्यांना दिसतात. ताईंची खोली ती नव्हे. ही तळमजल्यावरची, बिनखिडकीची. इथे विमान म्हणजे पडद्यावरचा ठिपका आणि कानातला आवाज. चार दिशांची चार टेबलं. एका टेबलाची हद्द संपली की तिथला नियंत्रक वैमानिकाला पुढच्या टेबलाची फ्रिक्वेन्सी सांगतो. वैमानिक तो आकडा परत म्हणून दाखवतो, रेडिओचं बटण फिरवतो, आणि लेक सासरी जावी तसं ते विमान पुढच्या घरचं होतं. मागे वळून कोणी बघत नाही. बघायला वेळच नसतो.

दक्षिणेचं टेबल ताईंचं. केसांत रुपेरी छटा आली तरी आवाज अजून खणखणीत. ताईंनी पाठवलेलं विमान वाटेत कधी हरवलं नाही, असं त्या स्वतः सांगत नसत. दुसरं कोणी सांगू लागलं तर मात्र शेवटपर्यंत ऐकून घेत. घरी सासूबाई म्हणायच्या, "आमची सून हवेत गाठी मारते आणि त्याचा पगार घेते."

"पूर्वेचं टेबल बंद," खोलीचे प्रमुख, साहेब, उभ्या उभ्याच म्हणाले. "तिथला माणूस मला फोनवर हवा. पूर्वेकडे जाणारी सगळी विमानं आता उत्तरेकडे द्या. उत्तरेचा आकडा फळ्यावर लिहितोय. आणि प्रत्येकाला बजावा, तिकडे जाऊन गप्प ऐकत राहायचं. हाक मारल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. सगळे एकदम बोलले तर एकाचंही कळणार नाही."

पूर्वेच्या टेबलावरचा माणूस उठला, कानातला हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि फोनकडे धावला. पडदा तसाच उजळलेला राहिला, खुर्ची अर्धी वळलेली.

उत्तरेच्या टेबलावर पाहुणा होता. तीन महिन्यांच्या बदलीवर म्हणून आला, त्याला इतकी वर्षं झाली की त्याची दोन मुलं इथेच शाळेत गेली. पण नाव पडलं ते पडलंच.

"एका घरात दोन घरांचा संसार आणून टाकला," पाहुणा पुटपुटला.

"तुला सवय आहे रे दुसऱ्याच्या घरात राहायची," ताई म्हणाल्या.

खोलीत तेवढंच एक हसू झालं. कोपऱ्यात हवाई दलाचा अधिकारी बसला होता. दुपारीच आलेला. ताईंच्या धाकट्या भावाच्या वयाचा. सगळे त्याला फौजीसाहेब म्हणू लागले होते. त्याच्या हातात त्याचा थेट फोन, आणि दुसऱ्या हाताने तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता, परत काढत होता. तो हसला नाही.

मग कामाचा लोंढा आला. एक परदेशी विमान, त्याला या देशातला कुठलाच विमानतळ ठाऊक नाही. त्याला ताईंनी बोट धरून आणावं तसं आणलं. एकाचं वजन जास्त, इंधन जाळल्याशिवाय उतरता येईना. त्याला फेऱ्या घालायला लावलं. पूर्वेकडे जाणाऱ्या प्रत्येक अनोळखी विमानाला फळ्याकडे बघून, एकेक अंक सुटा करून, उत्तरेचा आकडा दिला. जीभ आणि डोळे बैलजोडीसारखे बरोबर चालत होते.

या सगळ्या गर्दीच्या मधोमध मौनीबाबा आला.

मौनीबाबा म्हणजे एक छोटं मालवाहू विमान, आणि ते चालवणारा वैमानिक. रोज दुपारी दक्षिणेकडून यायचा, ताईंच्या हद्दीतून पूर्वेला जायचा. कोणी वैमानिक नमस्कार घालतात, कोणी हवापाण्याचं बोलतात. हा लागेल तेवढंच बोलायचा, त्यातलंही एखादं अक्षर वाचवता आलं तर वाचवायचा. ताईंनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तरी तो पडद्यावर आला की त्यांना बरं वाटे, ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तसं. त्यांनी त्याला रोजचं वाक्य सांगितलं, त्यात आजची भर घातली, "गप्प ऐकत राहा, हाक मारतील." त्याने आकडा परत म्हणून दाखवला. ताई पुढच्या विमानाकडे वळल्यासुद्धा.

थोड्या वेळाने पाहुण्याचा आवाज आला. "ताई, मौनीबाबा ओ देत नाहीये."

"तो कधी देतो?"

"चेष्टा नाही. चार हाका मारल्या. त्याला वळवून खाली आणायचाय. तो आपला सरळ चाललाय."

फौजीसाहेब उठून पाहुण्याच्या खुर्चीमागे आला. ठिपका सरळ चालला होता, आणि सरळ म्हणजे मोठ्या धरणाकडे. रोज तो धरणावरूनच जायचा. पण त्या दिवशी रोजचं काहीच उरलं नव्हतं.

"शेवटचं कोणाशी बोलला?" त्याने विचारलं.

"माझ्याशी," ताई म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही त्याला योग्य फ्रिक्वेन्सी दिली होती?"

प्रश्न साधा होता, पण ताईंना तो अंगावर आल्यासारखा वाटला. इतक्या वर्षांत असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "दिली होती. त्याने म्हणूनही दाखवली. माझ्याकडून तो नीट गेलाय."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

फौजीसाहेबाने फोन कानाला लावला आणि मोजक्या शब्दांत सांगितलं, की विमानाला फ्रिक्वेन्सी बरोबर दिलेली आहे, तरी ते उत्तर देत नाही आणि वाट बदलत नाही. प्रत्येक विमान दुसऱ्या रेडिओवर ऐकत असतं त्या आणीबाणीच्या वाहिनीवरही हाका गेल्या आहेत. मग नुसतं ऐकत राहिला. पडद्याच्या कडेला दोन नवे ठिपके उगवले, भराभर पुढे सरकणारे. लढाऊ विमानं होती ती.

ताईंना मान वळवून बघायला फुरसत नव्हती. तरी त्या बघत होत्या. एक डोळा आपल्या पडद्यावर, एक पाहुण्याच्या. पाय खुर्चीच्या चाकावर ठरेना. त्या स्वतःला समजावत होत्या, असेल काही बिघाड, येईल त्याचा आवाज. मौनीबाबाच्या घरी कोण असेल, असा विचार आला, तो त्यांनी झटकला. मनाला असा विचार परवडत नव्हता.

एवढ्यात रोजचंच एक प्रवासी विमान पूर्वेकडच्या हद्दीला आलं. ओळखीचा आवाज, ओळखीची वेळ. ताईंनी बोलायला तोंड उघडलं आणि वाक्य आपोआप घरंगळलं, गाडीचे बैल सवयीने गोठ्याकडे वळावेत तसं. वैमानिकाने आकडा परत म्हटला. तो कानात पडला, आणि ताईंचे डोळे फळ्यावर गेले.

तो आकडा पूर्वेचा होता. बंद टेबलाचा.

"थांबा, दुरुस्ती," त्या म्हणाल्या आणि उत्तरेचा आकडा एकेक अंक सुटा करून दिला. त्याने तो म्हणून दाखवला. तो गेला, पाहुण्याकडे पोहोचला. ताईंची नजर मात्र पूर्वेच्या रिकाम्या खुर्चीवर गेली.

परक्यांना त्यांनी बघून बघून पाठवलं होतं. ओळखीच्याला न बघता. सगळं आभाळ धुंडाळून झालं, आणि मौनीबाबा बसला होता त्यांनीच बसवलेल्या जागी, ज्या टेबलावर कोणी माणूस नव्हता तिथे, सांगितलं तसा गप्प, हाकेची वाट बघत. काखेत कळसा म्हणतात तो हा.

"फौजीसाहेब," त्या म्हणाल्या, "थांबा, त्या विमानाला काही करू नका."

तो वळला. फोन कानालाच होता.

"त्याचा रेडिओ बिघडला असेल," ताई म्हणाल्या. स्वतःच्या तोंडून हे आलेलं ऐकून त्यांना नवल वाटलं. जीभ अजून पळवाट शोधत होती.

"'असेल'वर मी कोणाला थांबवू शकत नाही, मॅडम. ठोस काही आहे का?"

खोलीतला प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित होतो. साहेब फोनवर बोलता बोलता थबकले होते. पाहुणा मान न वळवता ऐकत होता, त्याच्या पाठीवरूनच ते कळत होतं. देवाने माणसाला जीभ दिली ती गोड बोलायला, नाम घ्यायला. पण एखादी घडी अशी येते की त्याच जिभेला स्वतःच्या घरावर दगड घालावा लागतो, आणि तेव्हाच ती कामाला आली म्हणायची.

"आहे," ताई म्हणाल्या. "मी चुकीचा आकडा दिला. बंद टेबलाचा. मघाशी तुम्हाला खात्री आहे म्हणाले, तेही चुकीचं. तो पूर्वेच्या फ्रिक्वेन्सीवर आहे. त्याची काही चूक नाही."

फौजीसाहेब एक क्षण त्यांच्याकडे बघत राहिला. मग फोनमध्ये म्हणाला, "थांबवा. कारण मिळालंय. पडताळतो." आणि ताईंना, "सिद्ध करा. लवकर."

"पाहुण्या, माझी विमानं बघ."

"बघतो. जा तुम्ही."

ताईंनी आपल्या हेडसेटची वायर उपटली, खुर्ची मागे लोटली आणि पूर्वेच्या टेबलाशी गेल्या. पहिल्यांदा वायर नीट बसली नाही. दुसऱ्यांदा बसली. कानात शांतता आली, पण रिकाम्या घराची नव्हे. आत कोणीतरी बसलेलं असावं तशी. त्यांनी मौनीबाबाच्या विमानाचा क्रमांक पुकारला. आवाज खणखणीत राहिला नव्हता.

"ऐकतोय," मौनीबाबा म्हणाला.

एवढंच. जणू काही झालंच नाही.

"लगेच डावीकडे वळा. धरणापासून लांब. लगेच."

"डावीकडे वळतो."

आता बघत बसण्याखेरीज काही नव्हतं. पडद्यावरचा ठिपका काही माणसाच्या मनाच्या वेगाने हलत नाही. रडारची एक फेरी पूर्ण होते तेव्हा तो एकदा सरकतो. एक फेरी झाली, ठिपका सरळच. दुसरी झाली, कळण्यासारखं काही नाही. फौजीसाहेबाच्या हातातलं टोपण खाली पडलं, कोणी उचललं नाही. ताई मनातल्या मनात देवाला हाक मारत होत्या, आणि देवाचीही वाहिनी बरोबर लागली आहे ना, अशी शंका त्यांच्या मनाला चाटून गेली. तिसऱ्या फेरीला ठिपक्याचं शेपूट वाकलं. चौथ्या फेरीला तो स्पष्ट डावीकडे होता.

"वळलं," फौजीसाहेब फोनमध्ये म्हणाला. "आपलंच आहे. परत बोलवा." लढाऊ ठिपके रुंद वळण घेऊन मागे फिरले.

"आणीबाणीच्या वाहिनीवर तुम्हाला किती हाका मारल्या," ताईंनी मौनीबाबाला विचारलं. विचारायची ती वेळ नव्हती, पण राहवलं नाही.

"तिथे फार कालवा होता. आवाज बारीक केला. तुम्ही सांगितलं, गप्प ऐका. हाक ऐकू यायला हवी ना."

इतकं तो आजवर कधी बोलला नव्हता. ताईंनी त्याला उतरायचा विमानतळ दिला, फळ्याकडे बघून उत्तरेची फ्रिक्वेन्सी दिली, त्याने म्हणून दाखवली ती पुन्हा एकदा म्हणायला लावली, आणि पाहुण्याने "आला माझ्याकडे" म्हणेपर्यंत हेडसेट काढला नाही.

खांद्यावर साहेबांचा हात पडला. "ताई, उठा आता."

नियम त्यांनाही माहीत होता. ज्याच्या हातून चूक झाली, त्याने त्या दिवशी टेबलावर बसायचं नाही. शिक्षा म्हणून नव्हे. धास्तावलेलं मन दुसरी चूक करतं म्हणून. नव्या लोकांना हा नियम ताईच शिकवत असत.

"अजून विमानं आहेत, साहेब. माणसं कमी आहेत."

"आहेत. तरी उठा."

बाहेरच्या बोळात लाकडी बाक होता. त्यावर त्या बसल्या, उठल्या, परत बसल्या. हात नुसते लोंबत होते. त्यांना काही धरायला हवं होतं. फोन लावला तर सासूबाईंनीच उचलला.

"आभाळ बंद झालं म्हणे. आमच्या इथून एकही विमान जात नाहीये. मग तू घरी का येत नाहीस?"

"अजून बंद व्हायचंय, आई."

"आवाज असा का गं तुझा?"

"माझ्या हातून चूक झाली."

मग सासूबाई म्हणाल्या, "माणसं आहेत ना ठीक?"

"आहेत."

"मग घरी येऊन सांग. फोनवर नको."

फोन ठेवला तेव्हा फौजीसाहेब दारातून बाहेर येत होता. त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली, अर्धं पाणी कॉलरवर सांडलं. ताईंच्या शेजारी बाकावर बसला.

"मघाशी शंभर टक्के म्हणालात तुम्ही," तो म्हणाला. रागाने नाही. "का म्हणालात?"

"मला खात्री होती."

त्याने मान हलवली. बाटलीचं झाकण लावायचा प्रयत्न केला, ते आट्यांवर बसेना. "मलाही होती. पळवलेलं ते दुसरं विमान हेच, अशी. मी फोनवर तसं सांगितलंही होतं."

आतून पाहुण्याचा आवाज येत होता, दमलेला, सावकाश, एकेक अंक सुटा. ताईंनी बाटली त्याच्या हातातून घेतली, झाकण नीट फिरवून बसवलं आणि परत दिली. मग त्या उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आत जायचं नव्हतं. पाहुणा सांगत होता तो प्रत्येक आकडा त्या फळ्याशी ताडून बघत होत्या, ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, आणि दर वेळी पलीकडून तो परत म्हटला गेल्याचं पाहुण्याच्या "बरोबर"वरून कळेपर्यंत त्या फळ्यावरून नजर हलवत नव्हत्या. विमानं अजून पुष्कळ होती.