गुडघ्यावरची माती

गुडघेदुखीवरच्या उपचाराच्या तेराव्या दिवशी रुख्माबाईंच्या दोन्ही गुडघ्यांवर फोड आले. सोमवारी सकाळी नवरा सुखराम आणि मुलगा लोकेश त्यांना किरनापुरहून बालाघाटला, डॉ. ज्योत्स्ना उके यांच्या निसर्गोपचार केंद्रात घेऊन आले.

केंद्र म्हणजे भाड्याच्या तीन खोल्या. एकीत कटिस्नानाचे टब, दुसरीत मालिश आणि वाफ, तिसरीत योगासनांच्या सतरंज्या. मातीच्या पट्ट्या लावणारी ही बाई कुठलंसं पंधरा दिवसांचं शिबिर करून आली असेल, असा आजूबाजूला समज होता. ज्योत्स्नाने साडेपाच वर्षांची पदवी घेतली होती. पहिल्याच वर्षी तिने शवविच्छेदन केलं होतं, शेवटचं वर्ष रुग्णालयात काढलं होतं. हे ती कुणाला सांगत बसत नसे. शरीर बरं होण्याचं काम स्वतःच करतं, आपण त्याच्या वाटेतले अडथळे काढायचे, एवढंच ती रुग्णांना सांगे. मात्र चालू असलेली गोळी ती आपल्या मनाने कुणाचीच बंद करत नसे. रुख्माबाईंचीही रक्तदाबाची गोळी सुरूच होती.

दहा दिवसांत रुख्माबाई कठडा न धरता केंद्राच्या पायऱ्या चढू लागल्या होत्या. रोजची बस त्यांना झेपेना, म्हणून ज्योत्स्नाने माती पुडीत बांधून घरी दिली. चार फूट खोलवरून काढलेली, उन्हाळ्यात वाळवून चाळलेली. भिजवून पट्टी करायची, अर्ध्या तासाने धुवायची.

लोकेशचं किरनापुरला मोबाइलचं दुकान होतं. पहिल्या दिवसापासून त्याचा या उपचाराला विरोध होता. आत येताच तो म्हणाला, "मिट्टी से इलाज होता, मॅडम, तो भैंस कभी बीमार ही नहीं पड़ती."

ज्योत्स्ना खाली बसून गुडघे पाहू लागली. जिथे पट्टी होती तिथेच, चौकोनी कडेपर्यंत कातडी लाल होती. नवं तेल लावलं का, पाला बांधला का, कुणी मलम दिलं का, असं तिने एकेक विचारलं. रुख्माबाई प्रत्येक वेळी नाही म्हणाल्या. सुखराम दाराबाहेर पाहत राहिला.

तिने गुडघे साध्या पाण्याने धुतले, वर काहीच लावलं नाही, आणि सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली. लोकेशने ती वाचून दाखवायला सांगितली. तिने वाचली: मी दिलेल्या मातीच्या पट्टीनंतर या रुग्णाला फोड आले. कारण सध्या सांगता येत नाही.

हाच कागद साऱ्या किरनापुरात दाखवतो, असं लोकेश म्हणाला.

"दाखव. पण पहिले दवाखान्यात दाखव."

मालिश करणारी रूपाली तिच्या कानाशी आली. "मॅडम, हे काहून लिहिता? केंद्राले कुलूप लागन."

"नाही लिहिलं तर ते डॉक्टर काय पाहून इलाज करतीन?"

ज्योत्स्नाने सही केली आणि कागद लोकेशपुढे धरला. त्याने तो घेण्याआधीच सुखराम पुढे आला.

"थांबा बाई. तुमची माती लावलीच नाही."

पुडी घरी कोठीत तशीच होती. पट्टीचा चिखल त्याने आपल्या धानाच्या बांधीतून आणला होता, आणि बायकोला तो डॉक्टरीण बाईंचाच म्हणून सांगितला होता.

"तुमची तं भुकटी. आमच्या बांधीत रोवणीचा चिखल, लोण्यावानी. ज्या मातीतलं आपन खातो, ते गुडघ्याले काहून चालनार नाही, असं वाटलं."

"दवाई कवा मारली बांधीत?" ज्योत्स्नाने विचारलं.

"शुक्रवारी. तणकचरा मारायची."

"अन् चिखल कवा आनला?"

"शनिवारी," सुखराम म्हणाला आणि खाली बसला.

रुख्माबाईंनी कपाळाला हात लावला. "चाळीस वर्षं झाले, भाजीत मीठ किती टाकाचं हे मले शिकवते हा मानूस. आता डाक्टरीन बाईलेही शिकवलं."

ज्योत्स्नाने लोकेशला घरी फोन करून दवाईच्या बाटलीवरच्या लेबलाचा फोटो मागवायला सांगितलं. फोटो येताच तिने जुना कागद फाडला आणि नवा लिहिला. त्यात औषधाचं नाव आलं, फवारणीचा दिवस आला. शेवटी तिने आणखी एक ओळ घातली: पट्टी घरी लावायला मी सांगितलं होतं, शेतातली माती चालत नाही हे सांगायचं माझ्याकडून राहिलं.

या वेळी लोकेशने कागद स्वतःच वाचला. शेवटची ओळ त्याने मोठ्याने वाचली.

"ते काहून लिहिता?" सुखराम म्हणाला. "चूक माही."

"काका, शेतकऱ्याच्या घरी माती पाठवली अन् त्याची माती काहून नाही चालत ते सांगितलंच नाही. हे माह्याकडं."

लोकेशने कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. मग त्याने आईच्या बगलेत हात घालून तिला उठवलं आणि मान न वळवता विचारलं, फोड सुकल्यावर परत कधी आणायचं.

त्वचेचे डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, ज्योत्स्नाने सांगितलं.