देशकरांचं मानपत्र

भोपाळच्या बरखेडा टाउनशिपमधल्या मराठी मंडळात कुणीही रिटायर झालं की त्याला शाल मिळे, नारळ मिळे आणि सुधाकर देशकरांची कविता ऐकावी लागे. शाल-नारळ मंडळाचे, कविता देशकरांच्या हौसेची. तीस वर्षं ही हौस चालली आणि तीस वर्षांत तिला कुणी आवर घातला नाही, हा टाउनशिपचा मोठेपणाच म्हणायचा.

देशकर कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. शाफ्टचं माप केसाच्या जाडीइतकंही चुकू न देणारा माणूस, पण डोक्यात सगळा सावळागोंधळ. पहिलं मानपत्र लिहिताना ते यमकं शोधायला निघाले आणि त्या दिवसापासून यमकंच त्यांना शोधत येऊ लागली. बायकोनं "पोळी वाढू का?" म्हणावं, की आत सुरू: पोळी, झोळी, मोळी, चोळी. साहेबानं "देशकर जी, फाइल लाओ" म्हणावं, की लाओ, खाओ, जाओ, पछताओ. बरं, ती आत राहतील तर शपथ. अर्धी तोंडावाटे बाहेर पडत, आणि साहेब लोक चमकून बघत.

तरुणपणी याची गंमत वाटे. रिटायरमेंट जवळ आली तशी मात्र त्यांना भीती वाटू लागली. कारखान्याच्या खडखडाटात हा खडखडाट खपून जात होता. घरी बसल्यावर काय करायचं? खरी कविता माणसाला आतून गप्प करते, असं त्यांनी ऐकलं होतं. आपण इतकी यमकं पाडली आणि ती गप्प करणारी एक ओळ काही भेटली नाही, मरेपर्यंत पोळी-झोळीच करत राहणार, या विचारानं त्यांना रडू यायचं बाकी राही.

त्यांना हेवा वाटे तो इंदुमतीबाईंचा. ही त्यांची बायको म्हणजे शांततेचा पुतळा. कॉलनीतल्या ध्यानवर्गात त्या पहिल्या रांगेत डोळे मिटून अशा बसत, की वर्ग घेणारे विनायकराव बाकीच्यांना म्हणत, "देशकरवहिनींकडे बघा आणि शिका." एकदा देशकरही त्यांच्याबरोबर गेले. विनायकराव म्हणाले, "फक्त श्वासाकडे लक्ष द्या." देशकरांनी दिलं. मिनिटभरात भरल्या वर्गात त्यांचा आवाज आला, "श्वास, भास, त्रास, कोबीचा घास." बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. विनायकरावांनी देशकरांना बाजूला घेतलं आणि फार प्रेमानं सांगितलं की तुम्ही घरीच ध्यान करा.

शेवटी देशकरांच्या निरोपाचा दिवस आला. साडेचारला कम्युनिटी हॉल भरला. पुढच्या खुर्चीवर रफीक मियाँ, त्यांचे जुने फोरमन. रफीक मियाँना मराठी निम्मी कळे, पण मंडळाचा एकही कार्यक्रम ते चुकवत नसत. भोपाळच्या मुशायऱ्यांत वाढलेला माणूस. आवडलेल्या ओळीला "मुकर्रर" म्हणून ती पुन्हा म्हणायला लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांच्या संगतीनं सगळ्या मंडळालाच ती खोड लागली होती. इथं आरतीलाही कुणी मुकर्रर म्हणालं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं.

आता प्रश्न असा, की कविता लिहिणाराच रिटायर होत असेल तर त्याला कविता कोण लिहिणार? मंडळाची सेक्रेटरी प्रतिभा, नवी, उत्साही पोरगी. तिनं कपाटातली जुनी फाइल काढली, त्यातलं एक मानपत्र निवडलं, नाव बदललं आणि माइकसमोर उभी राहिली.

"यंत्रांच्या या गजबजाटी शांत तुमचे मन, सुधाकरराव, तुम्हीच अमुच्या विभागाचे धन."

देशकरांच्या कानशिलात कुणीतरी वाजवावी तसं झालं. ही त्यांचीच ओळ. आणि खरं सांगायचं तर ही त्यांची एकुलती एक कविता होती. पहिलं मानपत्र जमलं होतं, मग तीस वर्षं ते फक्त नाव बदलत आले होते. नरहरराव धन झाले, शांतारामराव धन झाले, फार काय रफीक मियाँसुद्धा 'रफीकराव' होऊन धन झाले होते. हे गुपित आपल्याखेरीज कुणाला माहीत नाही, अशी देशकरांची पक्की समजूत होती.

प्रतिभा पुढची ओळ म्हणणार, तोच सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "निवृत्तीचा दिवस आला, दाटुनि येई गळा, कर्तव्याचा फुलवला तुम्ही सुगंधी हा मळा."

आजोबांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ. काहींनी तर टाळ्यांचा ठेकाही धरला. "मुकर्रर," रफीक मियाँ म्हणाले, आणि सगळ्यांनी मळा पुन्हा फुलवला.

देशकरांना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी समोरचे चेहरे पाहिले. कुणीही त्यांची चेष्टा करत नव्हतं. तीस वर्षं ही माणसं त्यांना सांभाळून घेत आली होती, तीच ती कविता दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होती. देशकरांना हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो ते हसले. त्यांना ही सगळी माणसं एकदम फार आवडली.

उत्तराला म्हणून त्यांनी एकवीस कडवी लिहून आणली होती. ते माइकपाशी गेले, कागद उलगडला, आणि पहिल्याच कडव्यात गळा आणि मळा पाहून घडी घालून खिशात ठेवला. आता काय म्हणावं ते कळेना. तेवढ्यात कारखान्याचा पाचचा भोंगा झाला. लांबलचक, नेहमीसारखा. तो विरेपर्यंत देशकर उभेच राहिले, मग म्हणाले,

"तेहेतीस वर्षं भोंगा वाजला की मी धावलो. आज भोंगा वाजला आणि मी ऐकला."

यमक नव्हतं. हॉल क्षणभर गोंधळला. "मुकर्रर," रफीक मियाँ म्हणाले.

देशकरांनी म्हणायचा प्रयत्न केला, पण गळा खरोखरच दाटून आला होता. "भोंगा वाजला," ते म्हणाले, "आणि मी ऐकला."

"मुकर्रर," हॉल म्हणाला.

"मी ऐकला."

"मुकर्रर."

देशकरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पंख्याची घरघर ऐकू आली. मागे समोसे तळले जात होते, त्यांची चुरचुर ऐकू आली. बाहेर कडुनिंबावर पोपट भांडत होते. डोक्यात काही म्हणजे काही वाजत नव्हतं. देशकर लहान मुलासारखे हसत उभे राहिले आणि दोनशे माणसं त्यांच्यासमोर चिडीचूप बसली.

बऱ्याच वेळानं रफीक मियाँ अगदी हळू म्हणाले, "क्या बात कही, देशकर साहब."

उजेड होता तोवर नवरा-बायको पायीच क्वार्टरकडे निघाले. इंदुमतीबाईंच्या हातात शाल, देशकरांच्या हातात नारळ. चालता चालता देशकर म्हणाले, "इंदू, तुला ध्यानात असंच होतं का गं? एवढं छान?"

इंदुमतीबाई थांबल्या. "मला कुठलं आलंय ध्यान," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून घरातल्या गोष्टी आठवत बसायचे मी. तेवढा एक तास तुमची यमकं नसायची कानाशी."

"मग तू इतकी शांत कशी?"

"तुम्ही मला बोलायला कधी जागा ठेवलीत?"

इंदुमतीबाईंनी थोडी वाट पाहिली. नवरा खरंच गप्प आहे, अशी खात्री झाल्यावर त्यांनी शाल दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "आपण भोपाळला आलो ना, त्या दिवशी स्टेशनवर उतरल्यापासून मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

आणि त्या सांगू लागल्या. घर आलं, तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं. देशकरांनी कुलूप उघडलं नाही. ते पायरीवर बसले, बायकोला शेजारी जागा करून दिली आणि ऐकत राहिले.